फुलांवर बसून काढलेला फोटो

आधी कबुली देतो. मार्च 2019 मध्ये कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये जी माणसं पॉपीची फुलं तुडवत होती, त्यांत मीही होतो. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनहून सात तास गाडी हाकत गेलो, हायवेवर अडकलो आणि टेकडीवर पोचल्यावर पायवाट सोडून चार पावलं आत गेलो. चारच. फोटोत मी केशरी समुद्रात बसलेला दिसतो. बूड कशावर टेकलंय ते दिसत नाही. आयुष्यात सगळ्यात जास्त लाइक्स मला त्याच फोटोला मिळाले.

‘चारच पावलं’ असं त्या दिवशी प्रत्येकजण म्हणत असणार, कारण टेकडीभर नव्या पायवाटा उमटल्या होत्या. 2023 मध्ये पुन्हा बहर आला तेव्हा गावानं कॅन्यन सरळ बंद ठेवला. बरं केलं.

वाळवंटातल्या या फुलांचं बी सगळं एकाच वर्षी रुजत नाही. काही बी मातीत दबा धरून चांगल्या पावसाची वाट पाहतं, कधी कधी कित्येक वर्षं. म्हणजे तुम्हाला जो ‘सुपरब्लूम’ दिसतो तो त्या जमिनीची अनेक वर्षांची शिल्लक असते. बी धरण्याआधी झाड चिरडलं की तेवढी शिल्लक गेली. वर पायांनी माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. तरी आम्ही जातो, कारण रीलला पार्श्वभूमी हवी.

म्हणून माझं म्हणणं आहे, बहरामागे धावणं सोडा. दारात फूल लावा आणि त्याचा फोटो काढा.

सातारचा मित्र म्हणतो, "अरे, लोक बघतील तरच प्रेम करतील ना?" त्याला मी कासची आठवण देतो. 2012 मध्ये पश्चिम घाटासोबत कास पठार युनेस्कोच्या यादीत गेलं. तिथे फुलांत आडवं पडून फोटो काढणाऱ्यांना एका तरी फुलाचं नाव विचारून बघ म्हटलं. मलाही वॉकर कॅन्यनमध्ये ‘पॉपी’पलीकडे काही सांगता आलं नसतं. अंगण सगळ्यांकडे नसतं हे मात्र खरं. पण कॅलिफोर्निया पॉपी खोल कुंडीतही येते.

तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी घरापुढच्या खडीवर वाळूत मिसळून बी फेकलं. पहिल्या वर्षी बरंचसं पाखरांनी खाल्लं. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी ब्रिटलबुश पिवळंधमक झालं, मग पेनस्टेमनच्या गुलाबी तुऱ्यांवर हमिंगबर्ड यायला लागले, आणि खडीतून सोनेरी पॉपी वर आल्या.

एकाच झाडाचा फोटो रोज काढायला लागल्यावर काय काय कळतं! पॉपीच्या कळीला टोकदार टोपडं असतं. पाकळ्या फुगतात आणि ते टोपडं वर ढकलून पाडतात. ढगाळ दिवशी फूल उघडतच नाही, उजाडल्या उजाडल्याही नाही. ऊन चांगलं वर येईपर्यंत खडीवर गुडघे टेकून बसावं लागतं. फोनचा कॅमेरा त्या केशरीचा सपाट डाग करतो, म्हणून स्क्रीनवर बोट ठेवून उजेड खाली ओढायचा आणि ऊन पाकळीच्या मागून येईल असं बसायचं. पोर्ट्रेट मोड पाकळीची कडाच खातो, तो बंद. या फोटोंत मी कुठेच नाही. लाइक्स एकूण चौदा, त्यातला एक आईचा.

आणि हे लिहायचं कारण. गेल्या आठवड्यात आमच्या वसाहतीच्या समितीचं पत्र आलं: घरापुढचं ‘तण’ काढा, नाहीतर दंड. ज्या फुलांसाठी हीच मंडळी सात तास गाडी चालवतात, ती दारात आली की तण! शेजारच्या काकूंनीही माझ्या पॉपींपुढे उभं राहून विचारलं, "यंदा सुपरब्लूम बघायला जाणार की नाही?"

मी समितीला वीस फोटो पाठवलेत, प्रत्येकाखाली फुलाचं नाव लिहून. उत्तर नाही. पॉपीच्या शेंगा अजून हिरव्या आहेत. त्या वाळून तडकायला आणि बी उडायला अजून तीन आठवडे तरी लागतील. पत्रातली मुदत दहा दिवसांची आहे.