डोक्याला हात

'डोक्याला हात लावणे' हा वाक्प्रचार मी गेली वीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. त्याचा अर्थ 'हताश होणे' असा होतो, हे मी शेकडो मुलांकडून घोकून घेतले असेल. परंतु डोक्यावर हात ठेवला असता माणसाला स्वर्गसुख मिळते, ही गोष्ट मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, गेल्या दिवाळीच्या तोंडावर कळली.

झाले असे की, एके सकाळी उजव्या खांद्यात कळ आली ती तिथेच मुक्कामाला राहिली. खांद्याच्या मागून निघून दंडावरून ती खाली उतरे आणि मधल्या बोटाच्या टोकाशी मुंग्यांचे वारूळ फुटे. हात खाली सोडला की ठणका. तोच उचलून डोक्यावर ठेवला की आराम. तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत डोक्यावर हात ठेवूनच बसू लागलो. आमचे प्राचार्य एकदा दारातूनच म्हणाले, "काय सर, निकाल इतका वाईट लागला का?"

वाचकहो, आपल्या सोसायट्यांमध्ये दुखणे लपत नाही आणि उपाय शोधावे लागत नाहीत. ते जिना चढून घरी येतात. तळमजल्यावरच्या पेन्शनर आजोबांनी महानारायण तेलाची बाटली आणली. शेजारच्या काकूंनी माझी उशी काढून घेतली आणि समोरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी जास्त जाड उशी पाठवली. मेहुण्याच्या ओळखीचा एक मनुष्य मान धरून अशी काही कट्‌दिशी फिरवी की, म्हणे, रोगी नाचत घरी जाई. मोबाईलवर दोन व्हिडिओ आले. एकात मान डावीकडे वळवा असे सांगितले होते, दुसऱ्यात चुकूनही वळवू नका असे. मी मुकाट्याने खांद्याला तेल चोळीत राहिलो.

अखेर सौभाग्यवतीने मला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरीणबाईंनी खांदा सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला. तो विनातक्रार फिरला. मग त्यांनी माझी मान मागे नेऊन उजवीकडे कलती केली आणि डोक्यावर हलकेच दाब दिला. कळ थेट बोटाच्या टोकापर्यंत गेली! स्पर्लिंग आणि स्कॉव्हिल या दोघा अमेरिकन शल्यवैद्यांनी 1944 साली वर्णिलेली ही परीक्षा आहे, असे मला नंतर कळले. तिच्या वेळी मात्र मला मातोश्रींचेच स्मरण झाले.

"खांदा बिचारा निर्दोष आहे," बाई म्हणाल्या, "नस मानेत दबली आहे."

मानेत मणके 7 आणि नसांच्या जोड्या 8, हा हिशेब मला नवीनच होता. त्यांतली सातवी नस सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधून निघते आणि दंडाच्या मागून मधल्या बोटापर्यंत जाते. त्या दोन मणक्यांमधली चकती, जिला आपण गादी म्हणतो ती, बाहेर आली की नस चेपते. खडकवासल्याचे पाणी सोडले की पुण्यातला पूल बुडतो, त्यातलाच हा प्रकार. पुलाला तेल चोळून काय उपयोग?

"हातातली ताकद कमी झाल्यासारखी वाटते का?" त्यांनी विचारले.

"छे, मुळीच नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अहो, काल चकल्या कुणी पाडल्या ते सांगा की!"

आमच्याकडे सासूबाईंनी दिलेला दाबायचा सोऱ्या आहे. लग्नापासून दर दिवाळीला तो दाबण्याचा मान माझा. आदल्या दिवशी मात्र दोन चकल्यांतच माझा उजवा हात कोपरात दुमडू लागला होता आणि पेपर तपासायचे आहेत असे सांगून मी सोऱ्या मुलाच्या हाती दिला होता. फळ्याच्या वरच्या ओळी मी पंधरा दिवस विद्यार्थ्यांकडून लिहवून घेत होतो. दुखण्याचे वर्णन मी दहा उपमा देऊन दहा जणांना ऐकवले होते. हात दुबळा होत चालल्याचे एकालाही सांगितले नव्हते.

बाईंनी मला त्यांच्या तळव्यावर रेटा द्यायला सांगितले. डाव्या हाताने त्यांची खुर्ची मागे सरकली. उजवा हात मात्र तिथेच दुमडला.

"शस्त्रक्रियेच्या भीतीनं लपवलंत ना?" त्या शांतपणे म्हणाल्या, "दुखणं किती आहे यापेक्षा ताकद किती गेली, आणि अजून जाते आहे का, यावर उपाय ठरतो. तुम्ही नेमकं तेच मला सांगत नव्हता."

एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसली. तशी ती काही न दुखणाऱ्या चाळिशीतल्या माणसांतही पुष्कळदा दिसते. म्हणून चित्राची आणि हाताची साक्ष जुळली तरच ती खरी धरायची. माझी जुळली. मग बाईंनी उपायांची उतरंड समजावून दिली.

पहिली पायरी काळाची. बहुतेकांची सूज ओसरते, बाहेर आलेला चकतीचा भाग पुष्कळदा आपोआप आक्रसतो आणि काही आठवडे ते तीन-चार महिन्यांत दुखणे बरेचसे निवळते. तोवर सूज उतरवणाऱ्या गोळ्या, त्याही पोट आणि मूत्रपिंडे सांभाळून थोडेच दिवस. मानेचा पट्टाही थोडेच दिवस, नाहीतर स्नायू आळसावतात. आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम. मेहुण्याच्या त्या मनुष्याला मात्र साफ बंदी. दबलेल्या नसेच्या मानेला हिसका म्हणजे नसत्या संकटाला आमंत्रण. दुसरी पायरी, यंत्रात पाहत नसेजवळ दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनची. काहींना त्याने काही आठवडे उतार पडतो. पण क्वचित गंभीर धोका संभवतो, म्हणून ते राखून ठेवायचे. शेवटची पायरी शस्त्रक्रियेची. 1950 च्या दशकात रूढ झालेल्या पद्धतीने गळ्याच्या पुढून जाऊन चकती काढतात आणि दोन मणके जोडतात. आता कृत्रिम चकतीही बसवतात. तिचे फळ बहुधा चांगले मिळते; मात्र काहींचा आवाज काही काळ बसतो, क्वचित कायमचा.

मी गप्प झालो. माझे पोट आवाजावर चालते. हात वाचवायला गळा पणाला लावायचा की काय?

"आजच नाही," बाई म्हणाल्या, "ताकद थोडी गेली आहे, पण टिकून राहिली तर सहा आठवडे थांबता येईल. दर आठवड्याला मी मोजीन. घसरली तर मात्र थांबायचं नाही. आणि चालताना तोल जाऊ लागला, सदऱ्याची बटणं लावताना दोन्ही हात चुकू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर माझ्या तारखेची वाट न पाहता निघायचं. मग दबली आहे ती नुसती नस नव्हे, मज्जारज्जू."

पहिल्या तीन आठवड्यांत रेटा होता तसाच राहिला. चौथ्या आठवड्यात ठणका ओसरला आणि मी उशीवर हात खाली ठेवून झोपलो. ताकद मात्र सावकाश आली. फळ्याची वरची ओळ मी शिमग्याच्या सुमारास लिहिली. मधल्या बोटाचे टोक अजून किंचित बधिर आहे. ते मी आता आपण होऊन सांगतो.

यंदा गौरीच्या फराळाला सौभाग्यवतीने काही न बोलता सोऱ्या माझ्यापुढे ठेवला. पहिली चकली तुटली, दुसरी वाकडी झाली, तिसरीला वेटोळे जमले. मी घाण्यामागून घाणा पाडीत राहिलो आणि ती तळता तळता माझ्या कोपराकडे पाहत राहिली.

मग म्हणाली, "आता मुलाला द्या थोडा वेळ. दमलात तर सांगत चला."

"दमलो," मी म्हणालो, आणि खरेच दमलो होतो.