वॉर्ड आमचा, मग वर्ग कोणाचा?

१८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. तीच लागण त्यांना झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. आयुष्यभर शिक्षिका असलेली ही माय शेवटी रुग्णसेवा करता करता गेली. शिकवणे आणि शुश्रूषा हा दोन्हींचा वारसा त्यांनी आपल्याला दिला. आपण मात्र त्यातली शुश्रूषा तेवढी उचलली.

रक्त, लघवी, बेडपॅन यांचा ज्यांना विटाळ होत होता, त्यांनी आपल्या मुली या कामाला धाडल्या नाहीत. आपल्या मुली गेल्या. नाईट ड्युट्या करून त्यांनी घरे उभी केली, भावंडे शिकवली. याचा अभिमानच आहे. पण नर्सिंग कॉलेजच्या वर्गात खडू कोणाच्या हातात आहे? इंटर्नलचे आणि व्हायव्हाचे गुण कोण देते? आडनाव ऐकून "कॅटेगरीतून का?" असे विचारणाऱ्या टेबलापलीकडे आपली माणसे बसणार कधी?

"नोकरी लागली ना, आता कशाला शिकतेस?" हे बहुधा घरचेच म्हणतात. त्यांना ठणकावून सांगा, नर्सिंगची प्राध्यापक व्हायचे तर एम.एस्सी. नर्सिंग लागते. बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी., कौन्सिलची नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव असेल तर हा दोन वर्षांचा रस्ता तुमच्यासाठी मोकळा आहे. पहिल्याच वर्षी 'नर्सिंग एज्युकेशन' हा विषय असतो. शिकवायचे कसे, हे तिथे शिकवतात.

पण घात होतो तो कॉलेज निवडताना. "हजेरीची काळजी करू नका, प्रबंधही करून मिळेल," असे सांगणारे दलाल फिरत असतात. हातची नोकरी सोडवत नाही, म्हणून आपल्या मुली त्याला भुलतात. भगिनींनो, ही पदवी नाही, पैसे मोजून विकत घेतलेली फसवणूक आहे. जी स्वतः वॉर्डात उभी राहून शिकली नाही, ती उद्या आपल्याच पोरींना काय शिकवणार? आणि गुणवत्तेच्या नावाने आपल्याला हिणवणाऱ्यांच्या हाती काठी आपणच का द्यायची?

म्हणून प्रवेशाआधी विचारा. भारतीय परिचर्या परिषदेचे निकष हे कॉलेज तुमच्या शाखेसाठी पाळते का? संलग्नता चालू वर्षाची आहे का? स्वतःचे रुग्णालय आहे का, आणि त्या खाटांवर खरेच रुग्ण असतात का? प्रबंधाचा मार्गदर्शक कोण? विद्यार्थ्यांसमोर पाठ घ्यायला मिळतो का? उत्तरे प्राचार्यांच्या केबिनमध्ये नको, मागच्या बॅचच्या मुलींकडून घ्या.

पैशाचेही नीट समजून घ्या. सरकारी कॉलेज पहिले. खासगीत जायचेच तर केंद्रीभूत प्रवेशफेरीतूनच जा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर शिष्यवृत्तीवर पाणी सोडावे लागते. अनुसूचित जातीसाठी भारत सरकार शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, त्यापुढच्यांसाठी फ्रीशिप आहे. ही खैरात नाही, हक्क आहे.

नजर महाराष्ट्राबाहेरही जाऊ द्या. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात १९५९ पासून नर्सिंगचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. १९९० पासून धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती आहेत. फक्त जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात आधीच काढून ठेवा.

१९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथल्या काही प्राध्यापकांनी त्यांनी सामायिक भांड्यातले पाणी पिण्यावर हरकत घेतली. बाबासाहेब वर्गात उभे राहिले, आणि त्यांना ऐकायला इतर कॉलेजांतली मुलेही येऊन बसू लागली.

ती जागा त्यांनी आपल्यासाठी मिळवली आहे. ती रिकामी ठेवू नका.

जयभीम! जय सावित्री!