एकीला मणी, दुसरीला वेळ

या आठवड्यात एका आईने मुलीचा चाचणीचा पेपर पाठवला. इयत्ता सहावी. पहिली सहा गणितं पायऱ्यांसकट बरोबर, पुढची चार कोरी. खाली लाल शाईत शेरा : ‘लक्ष नाही. पाढे पाठ करून घ्या.’ वाचून संताप आला. मुलीला टर्नर सिंड्रोम आहे आणि शाळेला ते ठाऊक आहे.

साधारण 2,000 ते 2,500 मुलींमागे एकीला हा विकार असतो. दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक नसतं किंवा अपुरं असतं. उंचीसाठी इंजेक्शनं सुरू होतात, हृदय तपासलं जातं. गणिताचं मात्र बहुतेक पालकांना कुणी सांगत नाही.

फ्रॅजाइल एक्स या दुसऱ्या जनुकीय विकारातही मुली गणितात मागे पडतात. प्रगतिपुस्तकावर दोघी सारख्याच. अमेरिकेत मिशेल मॅझोको आणि सहकाऱ्यांनी दोन्हींची तुलना केली, तेव्हा फरक दिसला. फ्रॅजाइल एक्सची लहान मुलगी आकडे घडाघडा म्हणते, वाचतेही. पण समोर मणी ठेवून ‘किती?’ विचारलं की एका मण्याला एकच आकडा, हे तिच्या हातून सुटतं. टर्नरच्या मुलीला मोजणं कळलेलं असतं, लहान-मोठी संख्या कळते. तिला वेळ लागतो : उत्तर आठवायला, हातच्यांची मांडणी सांभाळायला, भूमितीची आकृती मनात फिरवायला. घाई केली की येत असलेलंही निसटतं. एकीला मणी हवेत, दुसरीला वेळ. पाढ्यांची घोकंपट्टी दोघींनाही पुरत नाही.

घड्याळ लावून पाढे म्हणवून घेण्याच्या स्पर्धा बंद करा, हे मी लिहीतच राहणार. त्यांनी जितकी मुलं गणितापासून तोडली, तितकी कुठल्याही जनुकाने तोडली नसतील, असं माझं ठाम मत आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात गणिताची अध्ययन अक्षमता स्पष्ट नोंदवली आहे. तरी ‘एवढी छान बोलते, वाचते, हिला कसली अडचण?’ असं म्हणून या मुलींना परत पाठवलं जातं. छान बोलणं आणि गणितात अडखळणं, हेच तर टर्नरमध्ये वारंवार दिसतं.

पालकहो, दहावीची वाट पाहू नका. निदानाची फाइल घेऊन याच महिन्यात शाळेत जा, जादा वेळेसाठी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.