जुन्या ट्रॅक्टरचा इंधनमार्ग : दोष टाकीपासून शोधावा

वाफसा आला म्हणजे पेरणीस अवधी थोडा असतो. अशा ऐन वेळी जुना ट्रॅक्टर बंद पडला, की ‘पंप गेला’ असा निवाडा बांधावरच दिला जातो. पंप उतरवून तालुक्याच्या गावी धाडतात. तो परत येईतो जमिनीतील ओल उडून जाते, आणि पुष्कळदा दोष निघतो तो टाकीतील पाण्याचा किंवा सैल पडलेल्या एखाद्या जोडाचा. यास्तव आमचे स्पष्ट मत असे आहे की, दोषाचा शोध टाकीपासून क्रमाने पुढे न्यावा आणि इंजेक्शन पंपास हात सर्वांत शेवटी लावावा.

या मतामागे केवळ खर्चाचा विचार नाही. पंपातील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकीच असते, आणि या प्रकारच्या बहुतेक पंपांत त्या दट्ट्याचे वंगण म्हणजे डिझेलच होय. त्यात पाणी व गाळ आला की पंप झिजतो. टाकी अस्वच्छ ठेवून दुरुस्त पंप बसविला, तर तोही त्याच वाटेने जाणार. स्वस्त म्हणून डिझेलमध्ये रॉकेल मिसळणारे तर वंगणच पातळ करून आपल्या हाताने पंपाची झीज ओढवून घेतात.

क्रम पुढीलप्रमाणे असावा. प्रथम इंजिन बंद करण्याची दांडी बंद स्थितीतच अडकलेली नाही ना, हे पाहावे. नंतर टाकीत डिझेल किती आहे व झाकणाचे हवेचे छिद्र मोकळे आहे काय, हे तपासावे. इंजिन काही वेळ चालून बंद पडते आणि झाकण उघडल्यावर पुन्हा चालू होते, असे घडल्यास ते छिद्र बुजले आहे असे समजावे. त्यानंतर गाळणीच्या वाटीतील डिझेल काचेच्या भांड्यात घ्यावे. पाणी जड असल्याने तळाशी वेगळे दिसते. मग फिल्टर पाहावा आणि त्याची मुदत टळली असल्यास तो बदलावा. फीड पंपाकडे डिझेल ओढून घेणाऱ्या नळीचे जोड विशेष काळजीने तपासावेत. तेथे डिझेल बाहेर न गळताही हवा आत शिरू शकते.

हवा शिरल्यास इंजिन चालू होऊन लगेच बंद पडते. ती घालविण्यासाठी, म्हणजे मिस्त्री म्हणतात त्याप्रमाणे ‘एअर काढण्यासाठी’, प्रथम फिल्टरवरील व नंतर पंपावरील हवेचा स्क्रू थोडा सैल करावा. हातदट्ट्या चालवीत राहावे आणि बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार येताच स्क्रू आवळावा. एवढे करून इंजिन चालले, पण काही वेळाने हवा पुन्हा भरली, तर सैल जोड अद्यापि सापडलेला नाही, असे समजावे.

धूरही पुष्कळ सांगतो. काळा धूर बहुधा हवेची गाळणी तुंबल्याचे किंवा नोझल बिघडल्याचे चिन्ह असते. निळा धूर इंजिनातील वंगणतेल जळत असल्याचे सुचवितो. तेथे इंधनमार्ग उघडून काहीच साधत नाही.

यावर कोणी म्हणतील की, यंत्राचे काम मिस्त्रीचे, शेतकऱ्याने त्यात पडू नये. हा आक्षेप निम्मा खरा आहे. पंप उघडणे, नोझलचा दाब लावणे ही कामे चाचणीयंत्र असलेल्या कारखान्यातच व्हावीत. नोझलच्या फवाऱ्यापुढे तर हात कधीही धरू नये. ती धार कातडी भेदून आत शिरते. तसे झाल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या नव्या कॉमन रेल इंजिनांस वर सांगितलेली रीत लागू करू नये. परंतु जुन्या यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्टरची टाकी, गाळणी, फिल्टर आणि हवा एवढे क्षेत्र मालकाचेच आहे. ते पाहून झाले असेल, तर मिस्त्रीसही नेमके काय तपासावयाचे ते सांगता येते, आणि विनाकारण पंप उघडण्याचा प्रसंग टळतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे आमची मागणी एवढीच की, बियाणे व खते यांच्या प्रात्यक्षिकांबरोबर हे प्रात्यक्षिकही घ्यावे. रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी गावातील एक जुना ट्रॅक्टर चावडीपुढे उभा करावा, टाकीच्या तळाचा गाळ सर्वांसमक्ष काढावा आणि हवा काढण्याची कृती प्रत्येक चालकाकडून स्वहस्ते करवून घ्यावी. चालकांनीही दिवसाचे काम संपताच टाकी भरून ठेवावी. रिकाम्या जागेतील दमट हवेचे रात्रीच्या गारव्याने पाणी होते व ते डिझेलमध्ये उतरते. एक पाना, एक काचेचे भांडे आणि एक जादा फिल्टर एवढे साहित्य ट्रॅक्टरवर असले, तर पेरणीचे दिवस पंपाच्या वाटेकडे डोळे लावून घालविण्याची पाळी सहसा येणार नाही.