दप्तर कोणाच्या स्वाधीन?

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला. जव्हार-मोखाड्यातील वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर कुटुंबांपुरता या कायद्याचा अर्थ अखेर कागदातच उतरतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कब्जात होती हे दाखवावयाचे, त्यासाठी एकाहून अधिक पुरावे जोडावयाचे आणि दावा फेटाळला गेल्यास साठ दिवसांत अपील करावयाचे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हुसकावण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला तो स्थगित झाला. त्या पंधरवड्यात कागदाची किंमत देशभरच्या आदिवासींना कळून चुकली.

असे असूनही चळवळीचे दप्तर आज कोठे आहे? वृद्धांचे जबाब एका कार्यकर्त्याच्या पिशवीत, ग्रामसभेच्या ठरावाचे छायाचित्र दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये, बाकीचे कोणत्या तरी परदेशी कंपनीच्या फुकट खात्यात. मोबाइल बिघडला, कार्यकर्ता गाव सोडून गेला किंवा खाते बंद पडले की पुरावा संपला.

शासनाने मात्र आपले दप्तर केव्हाच यंत्रावर नेले. केंद्राच्या रोजगार हमी योजनेत, व्यक्तिगत लाभाची कामे वगळता, सर्व कामांवरील हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाइलवर आणि दिवसातून दोनदा छायाचित्रासह घेणे सक्तीचे झाले. रेंज नसलेल्या डोंगरात ही हजेरी चढली नाही, तर राबलेल्या मजुराने दाद मागावी कशाच्या आधारावर? नोंद एकाच पक्षाकडे असेल तर वाद सुरू होण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो.

म्हणून संघटनेने स्वतःचा सर्व्हर चालविण्याचा विचार गंभीरपणे केला पाहिजे. त्यासाठी जव्हारात मोठे यंत्र बसविण्याची गरज नाही. दूरच्या शहरातील एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणकासारखा वागतो. हा आभासी खासगी सर्व्हर महिना काही शे रुपये भाड्याने मिळतो. त्यावर चालणाऱ्या लिनक्सचा इतिहास समाजवाद्यांना परका वाटू नये. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहिला. १९९२ पासून तो ज्या परवान्याखाली आहे त्यानुसार तो कोणीही वापरावा, तपासावा, बदलावा. मात्र बदललेली प्रत दुसऱ्यास देताना हेच स्वातंत्र्य त्यालाही द्यावे. सामुदायिक श्रमाचे फळ खासगी मालकीत जाऊ नये म्हणून घातलेला हा बांध आहे.

या सर्व्हरशी दुरून बोलण्याचे साधन म्हणजे १९९५ साली फिनलंडमध्ये तयार झालेले एसएसएच. त्यात सारा व्यवहार सांकेतिक रूपात जातो आणि वाटेत कोणी ऐकले तरी त्याला अर्थ लागत नाही. शिवाय केवळ अक्षरे ये-जा करीत असल्याने मोखाड्यासारख्या भागातील क्षीण जोडणीवरही काम होते. किल्ल्या दोन असतात: सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवावयाची, खासगी किल्ली कार्यकर्त्याने परवलीच्या शब्दाने बंदिस्त करून स्वतःजवळ ठेवावयाची. प्रत्येकाची किल्ली वेगळी असावी, म्हणजे एक जण गेला तर त्याचीच किल्ली रद्द करता येते. किल्ल्यांनी प्रवेश होतो याची खात्री पटल्यावर नुसत्या पासवर्डने होणारा प्रवेश बंद करावा, नको ती दारे फायरवॉलने मिटावीत आणि सुधारणा वेळच्या वेळी चढवाव्यात.

हा शहरी मध्यमवर्गीयांचा छंद आहे, असा आक्षेप येईल. पावतीपुस्तक आणि सभासद-नोंदवही ठेवणे हाही एके काळी कारकुनी व्यापच वाटत असे; पण त्यावाचून कोणतीही युनियन उभी राहिली नाही. खरा धोका वेगळा आहे. सारे ज्ञान एकाच तरुणाच्या डोक्यात राहिले तर संघटनेत नवा तलाठी निर्माण होईल. म्हणून प्रत्येक तालुक्यात निदान दोघांना, त्यांत एका स्त्री कार्यकर्तीला, हे काम शिकविले पाहिजे. कोणाचा कागद ठेवावयाचा हे त्या कुटुंबाच्या संमतीने ठरावे आणि कागद मागताच त्याला मिळावा.

भाड्याच्या सर्व्हरची मर्यादाही विसरता कामा नये. तेथे संघटना कुळ आहे, मालक नव्हे. आणि या कुळाला संरक्षण देणारा १९४८ सारखा कुळकायदा नाही. मालक यंत्र बंद करू शकतो, त्यातील मजकूर पाहूही शकतो. यास्तव कागद सांकेतिक करूनच तेथे ठेवावेत, एक प्रत तालुक्याच्या कार्यालयात हार्डडिस्कवर असावी आणि त्या प्रतीवरून दप्तर पुन्हा उभे राहते की नाही हे दर काही महिन्यांनी करून पाहावे. पुढे अनेक संघटनांनी मिळून सहकारी तत्त्वावर स्वतःचे यंत्र घेणे हेच उद्दिष्ट असले पाहिजे.

सर्व्हर कोणालाही पट्टा मिळवून देणार नाही. तो ग्रामसभेच्या एकजुटीने आणि रस्त्यावरील लढ्यानेच मिळेल. परंतु लढ्यानंतर अधिकाऱ्यासमोर बसण्याची वेळ येते, तेव्हा आदिवासीच्या बाजूचे दप्तर आदिवासीच्या हाती असावे, एवढी तयारी आजच सुरू व्हावयास हवी.