राजीची उडी आणि पिंगुळीच्या बाहुल्या



आपल्या पुरवणीत ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ गेमवरचे टिपण वाचले. तासभर खेळून लेखकाने ‘रोल-प्लेइंग म्हणून उथळ’ असा निकाल दिला आहे. मुळात राजी त्या जातकुळीचा नाहीच; तो ॲक्शन-ॲडव्हेंचर. झुणक्यात रस्सा शोधण्यासारखे झाले हे.

१५ ऑक्टोबर २०२० ला तो संगणकावर आला, त्याच रात्री मुलाने उतरवून घेतला. आता मीच बळकावून बसले आहे. मारामारी विस्कळीत आहे, मान्य. कॅमेरा आपल्या हाती नसल्याने उडीचा अंदाज चुकतो. माझी राजी एकाच कड्यावरून अकरा वेळा पडली (मुलाने मोजले). पण राजीच्या हरवलेल्या भावाची, गोलूची गोष्ट छायाबाहुल्यांतून उलगडते, त्यावर टिपणात चकार शब्द नाही! माझे माहेर कुडाळचे. जवळच्या पिंगुळीतल्या ठाकर समाजाच्या चामडी बाहुल्या, दिव्याच्या उजेडात पडद्यावर थरथरणारा रावण बघत मोठी झाले. इथे तशा सावल्या हलल्या तेव्हा मुलाला म्हटले, थांब, पुन्हा लाव.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा हा खेळ. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नाहीत, तरी त्यांनी तो तडीस नेला. म्हणून गुण वाढवून द्यावेत असे नाही. दुर्गा आणि विष्णू इंग्रजीत संवाद करतात तेव्हा मलाही हसू येते. पण निदान पुरता खेळून तरी लिहा. पाच-सहा तासांचाच आहे.

– एक वाचक, चारकोप, कांदिवली (प.)