धाकट्याच्या पाठीशी कोण?

‘क्रुसेडर किंग्ज ३’ हा संगणकावरचा खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, पहिली कुरकुर वाटणीबद्दलच असणार. तीस-चाळीस वर्षं खपून राज्य उभं करायचं, सोयरिकी जुळवायच्या, शेजाऱ्याचे परगणे गिळायचे आणि राजाने डोळे मिटले की सगळ्याचे तीन मुलांत तीन तुकडे. त्यात सुरुवातीच्या काळातला वारसाकायदा भलताच खवट. दुसऱ्या राज्यापुरती जमीन तुमच्या ताब्यात असली, तर तुम्ही कधी स्थापन न केलेलं ते राज्य तो तुमच्या मरणाच्या मुहूर्तावर स्थापन करतो आणि धाकट्याला बहाल करून टाकतो. कालपर्यंत मांडीवर खेळलेला पोरगा आज सरहद्दीपलीकडचा स्वतंत्र राजा! सगळं एकट्या थोरल्याला देणारा कायदा बहुतेकांच्या हाती तेराव्या शतकाआधी लागत नाही.

मग सुरू होतात पळवाटा. धाकट्याला मठात धाडा. घराण्याची कीर्ती खर्ची घालून त्याला वारसाहक्कातून खोडा. हात धजावत असेल तर विष घाला आणि उघडकीला आलं तर स्वकीयांचा मारेकरी हा शिक्का जन्मभर मिरवा. पळवाटांना माझी ना नाही. पण या सगळ्या खटाटोपात खेळाडूचं लक्ष भलत्याच पानावर खिळून राहतं, असं माझं मत आहे. तो वारसांची यादी घोकत बसतो. मांडलिकांची यादी उघडतच नाही.

वाटणी हा काही स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स कंपनीने खेळाडूला छळायला काढलेला शोध नव्हे. खेळातली १०६६ ची सुरुवात निवडा आणि नकाशा स्पेनवर न्या. लिओनचा राजा पहिला फर्डिनांड जाऊन वर्षही झालेलं नाही. कॅस्टील थोरल्या सांचोकडे, लिओन अल्फोन्सोकडे, गॅलिसिया गार्सियाकडे. तिघे सख्खे भाऊ तीन गाद्यांवर बसलेत. प्रत्यक्षात पुढे काय झालं? सांचोने दोन्ही भावांना हुसकावलं, पण १०७२ मध्ये बहिणीच्या झामोरा शहराला वेढा घालून बसलेला असताना त्याचाच खून झाला. परागंदा झालेला अल्फोन्सो परतला, तिन्ही राज्यं त्याच्या पदरात पडली आणि गार्सियाला त्याने मरेपर्यंत, म्हणजे १०९० पर्यंत, कैदेत ठेवलं. भाऊबंदकी हा फक्त आपलाच वारसा आहे असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

मला मात्र १०६६ सालचाच दख्खन जास्त बोलका वाटतो. कल्याणीला चालुक्यांचा पहिला सोमेश्वर राज्य करतोय. १०६८ मध्ये असाध्य दुखण्याला कंटाळून त्याने तुंगभद्रेत देह ठेवला आणि थोरला मुलगा, दुसरा सोमेश्वर, गादीवर आला. इथे राज्याची वाटणी झाली नाही. धाकटा विक्रमादित्य गंगवाडीसारख्या प्रांताचा कारभार पाहत होता, एवढंच. खेळाडूच्या हिशेबाने हा आदर्श वारसा. तरीही १०७६ मध्ये थोरला कैदेत गेला आणि सहावा विक्रमादित्य राजा झाला. कारण त्याने गोव्याचे कदंब, सेऊणदेशचे यादव आणि होयसळ असे बडे मांडलिक आपल्या बाजूला वळवले होते. बिल्हणाच्या काव्यात हाच विक्रमादित्य थोरल्या भावाच्या मानाखातर युवराजपद नाकारतो. बिल्हण त्याच्याच दरबारातला, तेव्हा तो वेगळं लिहिणार तरी काय!

खेळाला हे गणित उत्तम कळलंय. नवा राजा बसला की मांडलिकांच्या मनात त्याच्या नावापुढे लगेच उणे आकडा लागतो, कारकीर्द कोवळी म्हणून. बापाने तीस वर्षांत कमावलेली मर्जी बापासोबतच जाते. ज्या बलाढ्य सरदाराला मंत्रिमंडळात जागा मिळालेली नसते, तो आणखी फुगतो. मग कुणीतरी गट बांधतो, दावेदार म्हणून तुमच्याच भावाचं नाव पुढे करतो, रुसलेले एकेक करून त्यात शिरतात. गटाची ताकद पुरेशी झाली की खलिता येतो: गादी सोड, नाहीतर लढ. भाऊ एकटा असता तर त्याला कुणी विचारलं नसतं.

म्हणून म्हाताऱ्या राजाच्या अखेरच्या वर्षांत मी नवी मोहीम काढत नाही. तिजोरी भरतो, भाडोत्री फौज उभी करता येईल इतकी. सगळ्यात डोईजड मांडलिकाच्या घरात वारसाची सोयरीक करतो, कारण सोयरिकीतून ज्याच्याशी युती झालीय तो मांडलिक गटात जात नाही. विक्रमादित्यानेही गादीवर आल्यावर कऱ्हाडच्या शिलाहारांची मुलगी केली, ती केवळ तिच्या रूपावर भाळून नसावी.

एक तक्रार मात्र माझीही आहे. खेळ दख्खनच्या राजांनाही युरोपातली वाटणी चिकटवतो. कल्याणीच्या शिलालेखांत दिसतो तो एक युवराज आणि प्रांतांवर नेमलेली राजपुत्रमंडळी. त्यात राज्य एकसंध राहतं, पण प्रत्येक राजपुत्राच्या हाताशी फौज आणि महसूल असतो. हा वेगळाच धोका, आणि खेळायला वाटणीपेक्षा कितीतरी चुरशीचा.

खुद्द विक्रमादित्यालाही तो चुकला नाही. धाकटा भाऊ जयसिंह याच्याकडे त्याने वनवासीचा प्रांत सोपवला आणि काही वर्षांतच जयसिंह उलटला. त्याचं बंड मोडून काढावं लागलं. खेळात मी एकदा धडा घेऊन हा प्रांत भावाऐवजी एका निष्ठावान परक्या सरदाराला दिला. पुढचा गट त्यानेच बांधला, आणि दावेदार म्हणून उभं केलं ते माझ्या बिनप्रांताच्या, रुसलेल्या भावालाच.